कुणाला सांगू नका, सर

संघर्ष कांबळेला खुर्चीत बसून राहणं कधी जमलंच नाही. त्यात शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्या स्टाफला हॉलमध्ये थांबवून बाल संरक्षण धोरणाचं प्रशिक्षण ठेवलेलं. शिक्षक, क्लार्क, शिपाई, व्हॅनवाले, खिचडी शिजवणाऱ्या बायका, सगळे एका ओळीत बसलेले, आणि समोर पडद्यावर नियमांवर नियम. उचगावच्या वेशीवरच्या त्या हायस्कूलमध्ये संघर्ष खेळाचा शिक्षक होता. मुलींची फुटबॉल टीम म्हणजे त्याचा जीव. कोल्हापुरात पोरांच्या फुटबॉलला गल्लोगल्ली वाली मिळतो, पण पोरींची टीम त्यानं दारोदार फिरून, आईबापांच्या नाकदुऱ्या काढून उभी केली होती. आता कुणीतरी बाहेरून येऊन पोरींशी कसं वागायचं हे आपल्याला शिकवणार, हेच त्याला सोसवत नव्हतं.

शिकवायला शाहूपुरीतल्या एका संस्थेच्या अनुजा मॅडम आल्या होत्या. बंद खोलीत मुलासोबत एकटं थांबू नका. मुलांना खासगी मेसेज पाठवू नका. बाहेरचा माणूस पोलीस पडताळणीशिवाय शाळेत घेऊ नका. संघर्षचा पाय खुर्चीखाली हलत होता. शेवटी तो उठलाच.

"मॅडम, एक विचारू काय? पोरगी ग्राउंडवर पडली, पाय मुरगळला, तर उचलायची का न्हाय? का आधी कमिटीची मीटिंग बोलवायची?"

हॉल खदखदला. अनुजा मॅडमही हसल्या. "उचला की, सर. तिला सांगून उचला, चारचौघांत उचला. तुमच्यावर कुणी संशय घेत नाहीये."

तसंच वाटतंय की, असं मनात म्हणत तो खाली बसला.

मग त्या म्हणाल्या, "मूल कधीकधी म्हणतं, तुम्हाला एक सांगते पण कुणाला सांगू नका. आपण मायेनं हो म्हणून जातो. तो शब्द देऊ नका. तुला मदत करू शकेल अशा माणसाला मला सांगावं लागेल, असं स्पष्ट सांगा."

"असं म्हटल्यावर कुठलं पोर तोंड उघडंल?" संघर्ष पुटपुटला. मग सगळ्यांबरोबर त्यानंही धोरणाच्या कागदावर सही ठोकली आणि तडक ग्राउंड गाठलं.

पण त्या दिवसापासून त्याचं काहीतरी बिनसलं. शाबासकी द्यायला हात उचलावा आणि तो मध्येच थांबावा. पोरी घोळका करून आल्या की तो दोन पावलं मागं सरकायचा. पोरींच्या ते लक्षात आलं, आणि त्यांच्या लक्षात आलंय हे त्याच्या लक्षात आलं. स्वतःच्याच ग्राउंडवर त्याला अवघडल्यासारखं होऊ लागलं.

मंगळवारी संध्याकाळी सराव संपल्यावर सौंदर्या त्याच्याजवळ आली. आठवीतली पोरगी, उंच, शांत, टीमची गोलकीपर. बाकीच्या पोरी नळाशी पाणी पीत होत्या. सौंदर्यानं हातमोजे काढून त्याच्यापुढं धरले.

"सर, मला गोलात नको. मी बॅक खेळतो."

"टुर्नामेंट तोंडावर आलीय आणि आता बॅक खेळतो म्हणतीस? राजवर्धन सरांनी एवढी मेहनत घेतलीय तुझ्यावर."

राजवर्धन म्हणजे पेठेतल्या एका तालमीच्या संघाचा जुना गोलकीपर, आणि संस्थेच्या चेअरमनचा पुतण्या. गोलकीपर तयार करायला त्याला शाळेत यायची गळ संघर्षनंच घातली होती, पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले होते. राजवर्धन हौसेनं यायचा, स्वतःच्या खिशातून बूट आणायचा. पोरीही त्याच्यावर खूश असायच्या.

सौंदर्या खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "एक सांगू? पण कुणाला सांगू नका, सर."

'न्हाय सांगत, बोल की,' हे शब्द त्याच्या अगदी ओठावर आले. इतकी वर्षं तो पोरींना हेच म्हणत आला होता. घरी मार बसला, पेपर अवघड गेला, कुणाशी भांडण झालं, सगळं त्याच्याच कानावर यायचं. पण त्या संध्याकाळी त्यानं ते म्हटलं नाही.

"सौंदर्या, तसा शब्द मला देता येत न्हाय," तो म्हणाला. "तुला काय तरास असंल तर त्यातनं सोडवंल अशा माणसाला मला सांगाय लागंल. पण गावभर करणार न्हाय. एवढं नक्की."

तिनं एकदाच वर बघितलं. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाली, हातमोजे तिथंच कट्ट्यावर ठेवले, दप्तर उचललं आणि निघून गेली.

घरी येईपर्यंत संघर्षच्या डोक्याचा भुगा झाला होता. बायको शिवानी दवाखान्यात नर्स होती, नुकतीच ड्युटीवरून आलेली. तिनं चहा पुढं ठेवला. तो कपाला हातही न लावता गॅलरीत येरझाऱ्या घालू लागला.

"काय झालंय?"

"त्या ट्रेनिंगनं वाटोळं केलं. पोरगी बोलायला आलती. म्या पुस्तकातलं वाक्य फेकलं तिच्या तोंडावर. गेली निघून."

एवढ्यात फोन वाजला. राजवर्धनचा होता.

"कोच, रविवारी गोलकीपरची स्पेशल प्रॅक्टिस लावतोय. सौंदर्याला सांगून ठेवा. घरनं मीच घेतो तिला गाडीवर, सोडतोही मीच."

"आणि दुसरी गोलकीपर?"

"तिला नको. ती काय खेळतीय? हिच्यावरच लक्ष देऊ. आणि हो, तिला म्हणावं, फोन उचलत जा. चार दिवस झाले उचलत न्हाय."

"तुम्ही फोन करता तिला?"

"टिप्स द्यायला ओ. तुम्ही पण काय कोच."

राजवर्धन हसला. नेहमीचंच हसणं. हेच सगळं तो याआधीही बोलला असेल आणि संघर्षनं 'व्हय व्हय' म्हणून फोन ठेवला असेल. आज मात्र एकेक शब्द कुसळासारखा रुतत गेला. गोलात नको म्हणजे नेमकं काय नको, हे आत्ता त्याच्या ध्यानात येत होतं. गोलात उभं राहायचं म्हणजे राजवर्धनकडं सराव करायचा.

"रविवारचं बघून सांगतो," एवढंच कसंबसं म्हणून त्यानं फोन ठेवला.

शिवानीनं सगळं ऐकून घेतलं. "त्या मॅडमचा नंबर हाय न्हवं? लाव फोन."

"लावून काय सांगू? पोरगी तर एक शब्द बोलली न्हाय. माझ्या मनाचे खेळ असले तर? एका माणसाच्या कपाळावर जन्माचा शिक्का बसंल."

"आणि खेळ नसले तर?"

त्यानं फोन लावला. अनुजा मॅडमनी त्याला मध्येच न तोडता पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "सर, खात्री करणं तुमचं काम नाही. ते ज्यांचं आहे ते करतील. तुम्ही जे बघितलं, जे ऐकलं, तेवढंच उद्या मुख्याध्यापिकांना सांगा. त्या माणसाला काही विचारायला जाऊ नका. आणि ती मुलगी त्याच्यासोबत एकटी जाणार नाही, एवढं बघा."

त्या रात्री त्याला झोप कशी ती आलीच नाही. राजवर्धनला आपण किती वेळा म्हटलंय, 'जाता जाता हिला सोडा घरी,' हेच तो आठवत पडला. आठवावं तितकं सापडत होतं.

सकाळी शाळा भरायच्या आधीच तो मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये उभा होता. मुख्याध्यापिका शिवलीला मॅडम मूळच्या कुरुंदवाडच्या. बोलणं मऊ, पण शाळेवर जरब. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पोरीनं नाव घेतलंय त्याचं?"

"न्हाय."

"मग कशाच्या जोरावर बोलायचं मी? चेअरमनसाहेबांना काय सांगू? रिटायरमेंट तोंडावर आलीय माझी, संघर्ष."

"मला ठाऊक हाय, मॅडम. पण रविवारी तो तिला न्यायला जाणार."

शिवलीला मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. प्रार्थनेसाठी पोरं ओळी धरत होती. थोड्या वेळानं त्या वळल्या. "राजवर्धनची पोलीस पडताळणी झालीय?"

"न्हाय. आपण कधी मागितलीच न्हाय."

"मग आजपासून तो ग्राउंडवर येणार नाही. शनिवारी सगळ्यांनी सह्या केल्यात, त्यानुसार. सौंदर्याच्या घरीही कळवते, सरावाच्या नावाखाली कुणाबरोबर पाठवू नका म्हणून. एवढं आत्ता करते. बाकीचं अनुजा मॅडमना बोलावून ठरवू."

संघर्षला ते पुरेसं वाटलं नाही. पण केबिनमध्ये येताना जितकं मिळेल असं वाटलं होतं, त्यापेक्षा ते जास्तच होतं.

मधल्या सुट्टीत तो व्हरांड्यात उभा होता. समोर सगळं पटांगण पोरांनी भरलेलं. सौंदर्या खांबाआडून आली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"सर, तुमी खरंच सांगणार?"

"व्हय."

"कुणाला?"

त्यानं काहीही न लपवता सांगितलं. "मोठ्या मॅडमना. शनिवारी आलत्या त्या अनुजा मॅडमना. मग पोलिसांना. बाई पोलीस असतील, साध्या कपड्यांत येतील. आईला पण सांगाय लागंल. तवा अनुजा मॅडम तुझ्याजवळ असतील."

सौंदर्या खांबाचा सुटलेला रंग नखानं खरवडत राहिली.

"आत्याला सांगितलंवतं मी," ती म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीत. आधी तिच्याकडनं शपथ घेतली, कुणाला सांगायचं न्हाय म्हणून. आणि तिनं खरंच कुणाला सांगितलं न्हाय, सर."

तिनं रंगाचा एक पोपडा ओढून काढला.

"काल रात्री लई विचार केला. तुमी म्हटलासा सांगणार, म्हणजे सांगणारच. मग तुमालाच सांगतो."

पुढं ती जे बोलली ते संघर्षनं एकदा अनुजा मॅडमना सांगितलं, एकदा पोलिसांना, आणि त्यानंतर कुणालाही नाही. शिवानीलाही नाही. म्हणून ते इथंही नको. तो मध्ये काही विचारत नव्हता, नुसता ऐकत होता. आजूबाजूला पोरांचा कालवा चालला होता आणि त्याला वाटत होतं, आत्ताच्या आत्ता गाडी काढावी, पेठेत जावं आणि त्या माणसाची गचांडी धरावी. त्यानं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले.

ती थांबली तेव्हा तो म्हणाला, "सांगितलंस ते लई चांगलं केलंस. यात तुझी काय चूक न्हाय." शनिवारी हेच वाक्य पडद्यावर होतं आणि त्याला ते पोपटपंची वाटलं होतं. आज ते म्हणताना त्याचा आवाज फुटला.

दुपारी शिवलीला मॅडमनी स्वतः पोलिसांना फोन केला. संध्याकाळी साध्या ड्रेसमधल्या एक बाई अधिकारी अनुजा मॅडमना घेऊन सौंदर्याच्या घरी गेल्या. तिची आई, झुंबरबाई, कारखान्यातून नुकतीच आलेली. ऐकून तिनं आधी लेकीवरच आवाज चढवला, मला का सांगितलं न्हाईस म्हणून. अनुजा मॅडमनी तिला बाजूला घेऊन समजावलं, तेव्हा ती लेकीला कुशीत घेऊन जी बसली, ती उठेचना.

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेब शाळेत आले. शिपायाला बाहेर घालवून त्यांनी संघर्षला मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"सर, पोरगं आमच्या घरातलं हाय. चुकलं असंल तर चार माणसांत समज दिली असती. परस्पर पोलीस? शाळेच्या नावाचा तरी इचार करायचा. आणि स्वतःच्या नोकरीचा."

संघर्ष उत्तर जुळवत होता तेवढ्यात शिवलीला मॅडमच बोलल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"फोन मी केलाय, साहेब. सरांना काही म्हणू नका. आणि हा विषय आता चार माणसांत बसून मिटवायचा नाही. तसं केलं तर तो गुन्हा होतो, हे शनिवारी सगळ्यांना सांगितलंय."

चेअरमन उठून गेले. जाताना त्यांनी दार आपटलं नाही, उलट हळूच लोटून घेतलं. संघर्षला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

राजवर्धनला त्याच आठवड्यात अटक झाली. पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला. नंतर त्याच्याकडं सराव केलेल्या आणखी एका पोरीचे आईवडीलही पोलिसांकडं गेले. कोर्टाचं काम लांबत जाईल, असं सगळे म्हणत होते. संघर्षची नोकरी गेली नाही, पण चेअरमन समोर आले की मान फिरवून जायचे.

टुर्नामेंट मात्र हुकली. कुणाचं नाव कुणी घेतलं नव्हतं, पण फुटबॉलमध्येच काहीतरी झालंय, एवढं गावाला कळलं होतं. एकेक करत पोरी यायच्या बंद झाल्या. घरी कामं हायत, ट्युशन लावलीय, ऊन सोसत न्हाय. शेवटी ग्राउंडवर मोजक्याच पोरी उरल्या. त्यात सौंदर्या होती. ती बॅक खेळत होती आणि गोल मोकळाच होता.

संघर्षनं पुन्हा दारोदार फिरायला सुरुवात केली. सेंटर फॉरवर्ड खेळणाऱ्या पोरीच्या दारात तिचा बाप केरबा म्हैस धूत होता. त्यानं 'या पावणं' म्हटलं नाही, की बसायलाही सांगितलं नाही.

"सर, त्या माणसाला शाळेत तुमीच आणलंवतं न्हवं?"

"व्हय. मीच."

"मग तुमच्यावर तरी कसा इस्वास ठेवायचा आमी?"

संघर्षला सांगायचं होतं, मीच तक्रार केली, नोकरी पणाला लावली, रात्र रात्र जागलो. पण त्या बापाच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं.

"नका ठेवू," तो म्हणाला. "ग्राउंडवर येऊन बसा. रोज या. मी काय करतो, कुणाशी कसा बोलतो, डोळ्यानं बघा. घरातलं कुणीबी आलं तरी चालंल."

केरबानं म्हशीच्या पाठीवर पाण्याची बादली ओतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगी आली. तिच्या मागोमाग केरबाची आई, बयाबाई, पदर सावरत आली आणि कडेच्या लिंबाखाली पटकूर टाकून बसली. आठवडाभरात तिथं आणखी दोघी आया बसू लागल्या. झुंबरबाईही कारखान्यातली पाळी बदलून घेऊन यायची, सगळ्यांपासून जरा लांब बसायची.

इतक्या नजरा पाठीवर घेऊन शिकवायची संघर्षला सवय नव्हती. तो सारखा पोरी मोजायचा, फाटकाकडं बघायचा, कुणी पाणी प्यायला गेली तरी परत येईपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा. हे आता असंच राहणार, हे त्याला कळून चुकलं होतं. एका संध्याकाळी त्यानं पास चुकला म्हणून खेळ चौथ्यांदा थांबवला, तेव्हा लिंबाखालून बयाबाईचा खणखणीत आवाज आला.

"ए मास्तर, सारखं काय थांबीवतोयस? धावू दे की पोरीस्नी."