गुरुवारचं पाणी

माझ्या पाण्याची पाळी गुरुवारी दुपारी चार ते साडेपाच, चौदा दिवसांतून एकदा. सव्वाचारपर्यंत पाटाच्या दारावर घरचं माणूस उभं नसेल, तर पाणी यादीतल्या पुढच्या नावाला जातं. पुढचं नाव सेवेरोचं आहे. हे मी जावयाला निघण्याआधी सांगितलं, प्रवासात कादिस शहरात सांगितलं, रोंदा शहरात सांगितलं आणि गुरुवारी सकाळी समुद्राकाठी पुन्हा सांगितलं.

"बाबा, घर इथून दोन तासांवर आहे," जावई फेर्मीन म्हणाला. "आत्ता नऊ वाजलेत. रांगत गेलो तरी पोचू."

फेर्मीन दूर उत्तरेतल्या पाम्प्लोनाकडचा. चाळीस वर्षं त्यानं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर साडेसात मीटर लांबीचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेतलं. माझी मुलगी एल्विरा म्हणाली, "बाबा, जन्मभर डोंगर सोडला नाहीत, आठ दिवस आमच्याबरोबर चला." मी गेलो. पहिले चार दिवस बरे गेले, खोटं कशाला बोलू? पण पाचव्या दिवसापासून माझं लक्ष मळ्यातल्या घेवड्याकडे लागलं.

घेवड्याच्या नऊ ओळी होत्या आणि सगळ्या फुलावर आलेल्या. हे बी बाजारात मिळत नाही. माझी बायको विर्तुदेस हिच्या माहेरून ते आलं. ती गेल्यावर दर वर्षी मीच राखत आलो. गेल्या साली गारपिटीनं सगळं झोडपलं, म्हणून डब्यात होतं नव्हतं तेवढं बी मी या नऊ ओळींत टाकलं होतं. ऑगस्टात फुलावर आलेल्या घेवड्याची एक पाळी चुकली की फुलं गळतात. मग शेंगही नाही आणि बीही नाही.

पहिला उशीर माझ्यामुळे झाला, ते कबूल करतो. सकाळी मी माझी खुर्ची गाडीबाहेर काढली आणि दारापाशी बसलो. आमच्या गावात सगळेच दारापाशी बसतात, त्याला कुणी काही म्हणत नाही. दहा मिनिटांत मोटरसायकलवरून एक पोलीस बाई आली.

"आजोबा, खुर्ची आत घ्या."

"का? कुणाच्या वाटेत आलीय?"

"वाटेत नाही आली. पण गाडी नुसती उभी असली की ते पार्किंग. खुर्ची बाहेर आली की मुक्काम. मुक्कामाला इथं परवानगी नाही."

"आणि मी उभा राहिलो तर?"

"खुशाल राहा. दिवसभर राहा."

"म्हणजे म्हातारा चालतो, खुर्ची चालत नाही."

"बाबा, वाद घालू नका," एल्विरा आतून म्हणाली.

बाई तेवढ्यावर निघून गेली असती. पण फेर्मीन गाडीच्या कागदांची फाईल घेऊन खाली उतरला. तिनं एकच कागद मागितला, यानं विमा, तपासणी आणि गॅसचा दाखला, सगळं पानापानानं दाखवलं. शिवाय गाडी सपाट राहावी म्हणून चाकांखाली लावलेल्या फळ्या मुक्कामात मोडतात की नाही हेही विचारलं. त्या मोडतात असं कळलं. मग त्या काढल्या, पुसल्या आणि पिशवीत भरल्या. साडेदहा वाजले.

नंतर गाडीचं सांडपाणी आणि संडासाची टाकी रिकामी करायची निघाली.

"घरी गेल्यावर करा," मी म्हणालो. "माझ्या मागच्या अंगणात खड्डा आहे."

"बाबा, एवढं वजन घेऊन घाट चढायचा नाही. पुस्तकात लिहिलंय."

टाक्या रिकाम्या करायची जागा घराच्या वाटेवर अर्ध्या तासावर होती, आणि आमच्या पुढे एक हॉलंडचं जोडपं. त्यांनी टाकी ओतली, ती ब्रशानं घासली, मग पायपुसणी धुतली, आणि पायपुसणी वाळेपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही. मी त्यांच्यापाशी जाऊन हातातलं घड्याळ दाखवलं. त्या गृहस्थानं माझं घड्याळ नीट पाहिलं आणि छान आहे अशी मान हलवली.

दीड वाजता फेर्मीनला जेवण लागतं. एल्विरानं बटाट्याचं ऑम्लेट केलं होतं. ते मी उभ्यानंच खाल्लं.

"बसा की बाबा."

"मी बसलो की तुम्ही कॉफी कराल."

कॉफी केलीच. मग भांडी धुतली, आणि फेर्मीननं निघण्याआधीची यादी वाचायला घेतली. ती यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे.

"छताची खिडकी?"

"बंद," एल्विरा म्हणाली.

"गॅस?"

"बंद."

"कपाटांच्या कड्या?"

"लावल्या."

"पायरी?"

"आत."

"बाबा?"

"आत. पण तापलेत, जपून हात लाव."

निघालो तेव्हा अडीच वाजून गेले होते. ओर्खिवा गाव मागे पडलं आणि घाट लागला, तेव्हा मी खुस्ताला फोन लावला. खुस्ता आमची पाटकरी. पाटाची सगळी दारं तिच्या ताब्यात असतात.

"बाल्ताकाका, कुठं आहात?"

"घाटात आहे. थोडा इकडे-तिकडे झालो तर दार धरून ठेव."

"सव्वाचारपर्यंत ठेवते. पुढं नाही. नियमाची पाटी तुमच्याच वेळची आहे, काका. मी नुसती तिच्याखाली उभी असते."

ते खरं होतं. तिच्याआधी अकरा वर्षं पाटकरी मी होतो. एका ऑगस्टात सेवेरो अठरा मिनिटं उशिरा आला. त्या सकाळी त्यानं भावाला पुरलं होतं आणि अंगावर काळा कोट तसाच होता. मी त्याला घड्याळ दाखवलं आणि पाणी पुढच्याला दिलं. त्याचे बटाटे गेले. आज एकाला सोडलं तर उद्या सगळे उशिरा येतील, असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि अजूनही ते चूक वाटत नाही. तेव्हापासून सेवेरो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. आमच्या दोघांत काही काम नसतं.

गावाखालच्या शेवटच्या वळणावर पोचलो तेव्हा चारला दहा कमी होती. तिथं वरून बस आली. बसचं नाक आणि आमचं नाक यांच्यात हातभर अंतर राहिलं.

"मागं घ्या," बसवाला खिडकीतून म्हणाला.

"मागं चार गाड्या आहेत," फेर्मीन म्हणाला. "तुम्हीच जरा वर घ्या."

"माझ्यामागं पाच आहेत. आणि मी रोज येतो, घर घेऊन येत नाही."

फेर्मीननं मोजमाप काढायला टेप घेतली. ती पाहिल्यावर मी दार उघडून उतरलो.

"बाबा, या गुडघ्यांनी कुठं चाललात?"

"गुडघे तरी मागंपुढं होतात."

"मी जाते पळत," एल्विरा म्हणाली.

"तुला वाट आठवते का?"

तिला आठवत नव्हती. लग्न होऊन गेली त्याला तीस वर्षं झाली. आणि फेर्मीन मागे घेत असताना गाड्या थांबवायला कुणीतरी हवंच होतं. शेळ्यांच्या पायवाटेनं मी एकटाच चढायला लागलो. पूर्वी ती वाट मी दहा मिनिटांत चढायचो. पहिल्या बांधाशी थांबलो, तुतीखाली थांबलो, नंतर कुठं कुठं थांबलो ते मोजलं नाही. चर्चचे सव्वाचारचे टोले मला वाटेतच ऐकू आले.

पाटावर पोचलो तेव्हा पाचला वीस कमी होती. फळी टाकून माझं दार बंद केलेलं होतं आणि पाणी सेवेरोच्या मक्यात चाललं होतं. खुस्ता बांधावर बसली होती. ती उठून उभी राहिली.

"काका, मी विसाव्या मिनिटापर्यंत थांबले. पाच मिनिटं माझ्या अंगावर घेतली. आता सातपर्यंत पाणी त्यांचं आहे. मला काही करता येणार नाही. त्यांना येईल."

सेवेरो फावड्यावर हनुवटी टेकून माझ्याकडे पाहत होता.

"काय बाल्ता, घर घेऊन फिरायला गेला होतास म्हणे. कुठं ठेवलंस घर?"

"खाली. वळणावर अडकलंय."

"चाकं असून अडकलं? माझं बिनचाकांचं, पण मी वेळेवर आलो."

माझा घेवडा तिथून दिसत होता. पानं दुपारच्या उन्हानं मान टाकून बसली होती.

"सेवेरो, मला थोडं पाणी दे."

"ऐकू नाही आलं."

"आलंय तुला."

"येत नाही हल्ली. डॉक्टर म्हणतो, जोरात बोलणाऱ्याचंच ऐक."

खुस्ता दुसरीकडे पाहायला लागली. मी तेच जोरात म्हणालो. खालच्या मळ्यातली माणसंही वर पाहायला लागली.

"मक्याचं भागू दे," सेवेरो म्हणाला. "उरलं तर घे."

मक्याचं सहाला भागलं. मग त्यानं पाणी बटाट्याच्या जागेत वळवलं. यंदाचे बटाटे लवकरचे, ते महिन्यापूर्वीच काढून झाले होते, तिथं नुसती ढेकळं होती.

"तिथं काही नाही, सेवेरो."

"धूळ उडते. बायको ओरडते."

धूळ बसवायला त्यानं पस्तीस मिनिटं घेतली. मी हाताची घडी घालून उभा राहिलो. माझ्यासारख्यानं दुसरं काय करायचं? सात वाजायला पंचवीस कमी असताना त्यानं फळी काढली आणि पाणी माझ्याकडे सोडलं. मला आभार मानावे लागले. त्यानं टोपीला हात लावला आणि बांधावर बसला, जायला काही तो तयार नव्हता.

तेवढ्यात फेर्मीन आणि एल्विरा धापा टाकत वर आले. गाडी शेवटी बसवाल्यानंच मागं घेऊन दिली होती.

"मी काय करू, बाबा?" फेर्मीननं फावडं उचललं.

"काही करू नका. पहिली सरी भरली की तोंड बंद करायचं, ते मी करतो."

मी पहिल्या सरीच्या टोकाला गेलो, तेवढ्यात यानं मदत म्हणून दुसरं तोंड उघडलं. पण ते दुसऱ्या सरीचं नव्हतं, वाटेकडे काढलेल्या चराचं होतं. पाणी वाटेवरून खाली पळायला लागलं. मी परत येईपर्यंत तो सँडलनं ते अडवत होता.

"माती ओढा, माती," मी म्हणालो. "पायानं पाणी अडतं का?"

"मला वाटलं, थोडा वेळ..."

"थोडा वेळच तर नाहीये."

मग तो माती ओढायला लागला. त्यानंतर त्यानं सांगितलेलंच केलं, आणि बरं केलं. पण माझी जमीन तहानलेली होती. एकेक सरी भरायला पाच-पाच मिनिटं लागत होती. चौथी भरली, पाचवी निम्मी भरली आणि सात वाजले. खुस्तानं घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फळी टाकली. तिला थांब म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं.

"साडेचार ओळी," सेवेरो उठत म्हणाला. "बियाण्याला पुरतं."

"खायला पुरत नाही."

"मला त्या साली बियाण्यालाही उरलं नव्हतं." तो फावडं खांद्यावर टाकून गेला.

एल्विरा कोरड्या ओळींमधून फिरत होती. "बाबा, ही फुलं सगळी गळतील?"

"गळतील."

"पुढच्या पाळीला आम्ही आदल्या दिवशीच आणून सोडू तुम्हाला," फेर्मीन म्हणाला.

"पुढच्या पाळीला मी इथंच असेन. तुम्हाला कुठं जायचं तिकडं जा."

त्याला लागलं असावं. तो वाकून सँडलमधला चिखल काढत राहिला. मी पाचव्या ओळीत उकिडवा बसलो. निम्म्यापर्यंत माती काळी होती, पुढे पांढरी. जिथं रंग बदलत होता तिथं मी बोट खुपसलं. वर कोरडं होतं. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं. त्याच्या खाली जरा गार होतं, पण ती ओल होती की संध्याकाळचा गारवा, ते बोटाला कळेना. मी पुढच्या झाडाशी सरकलो आणि तिथंही बोट घातलं.