फर्नांदची शेवटची तुर्तिएर

गोठलेल्या पावसाच्या भाराने विजेच्या तारा तुटून वीज गेली, तेव्हा क्वेबेकमधल्या आमच्या गल्लीत लाकडाची शेगडी एकट्या माझ्याकडे होती. शेजारचे रोझेर एक झाकलेली थाळी घेऊन आले. त्यांची बायको फर्नांद हिने वारण्याआधी केलेली तुर्तिएर, म्हणजे मैद्याच्या पारीत मांस भरलेला पाय. दोन वर्षं त्यांनी ती फ्रीझरमध्ये ठेवली होती.

"वितळायला लागली," ते म्हणाले. "बाहेर ठेवली तर कोल्हे नेतील."

"अहो, मग खायची होती ना. पूजा कसली करत बसलात?"

"एकट्याने घास उतरत नाही."

मी तुर्तिएर शेगडीत भाजली. समोर खांबावर काम करणाऱ्या भिजलेल्या लाइनमनना रोझेरनीच हाक मारली. पोरांनी थाळी पुसून खाल्ली.

"काकूंना सांगा, फार छान झालीय," एकजण म्हणाला.

"सांगतो," रोझेर म्हणाले.

संध्याकाळी वीज आली. मी थाळी परत द्यायला गेले, तर रोझेर रिकाम्या फ्रीझरशेजारी खुर्ची टाकून बसलेले. फ्रीझर घुरघुरत होता.

"बंद करा तो, उगाच वीज जाळताय," मी खेकसले.

"राहू दे. दोन वर्षं या विजेनंच तिला सांभाळलं. आता काम झालं म्हणून लगेच तोडू?"