कुदळ, जांभूळ, पोपट

डॉ. योगिनीच्या अकरा वर्षांच्या संशोधनाचं वाटोळं लंकाबाईंनी अकरा सेकंदांत केलं, आणि तेही चहा ठेवायच्या आधी.

संशोधन विसरण्याच्या रोगाचं होतं. म्हातारपणी मेंदू झिजतो, त्यात शरीराच्याच प्रतिकारशक्तीचा हात किती आणि हे जनुकांत कुठे लिहिलेलं असतं, ते योगिनी नाशिकच्या प्रयोगशाळेत शोधत होती. रुग्णांशी तुलना करायला धडधाकट म्हातारे हवे होते. ते तिने सिन्नरच्या बाजूच्या स्वतःच्याच गावातून घेतले. दरवर्षी रक्त घ्यायचं, तीन शब्द सांगायचे, पाच मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि तेच शब्द परत विचारायचे. शब्द बदलले तर तुलना बिघडेल, म्हणून बदलले नव्हते.

पहिल्या वर्षीची एक चूक सोडली तर अकरा वर्षांत चौसष्ट म्हाताऱ्यांपैकी कुणी विसरलं नाही. काही वारले, पण विसरले नाहीत. त्यांच्या रक्तात योगिनीला प्रतिकार करणाऱ्या पेशींचं एक जनुक जरा वेगळं सापडलं. तिने निबंध लिहिला, परदेशात लोकांनी गावाचं नाव चुकीचं उच्चारून टाळ्या वाजवल्या. औषधाची तयारी सुरू झाली. उंदीरसुद्धा मागवून झाले.

यंदा सोबत नवी मदतनीस होती, चैताली. दोघी आधी लंकाबाईंच्या घरी गेल्या.

"मावशी, मी तीन शब्द सांगते..."

"कुदळ, जांभूळ, पोपट," लंकाबाई म्हणाल्या. "फुडं?"

"मी अजून सांगितलेच नाहीत."

"तू कशाला तरास घेती? उन्हाची आलीस."

"मावशी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" योगिनीने विचारलं.

"देवळातल्या फळ्यावर हाय की."

खरंच होतं. सुविचाराच्या खाली, ठळक खडूत. फळ्याची जबाबदारी वाल्मीकतात्यांकडे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणाला तरी शिस्त लावायची होतीच.

"पहिल्या साली नवसाबाईला एकच शब्द आला," तात्या म्हणाले. "रडली बिचारी. म्हणलं, आपली पोर डॉक्टर झाली अन् तिच्या परीक्षेत गाव नापास? मग आरतीनंतर तीनदा म्हणून घेतो. गैरहजर कुणी नाय."

"तात्या, ती परीक्षा नव्हती."

"मग मार्क कशाला देत होतीस?"

योगिनीने दुसरंच विचारलं.

"आणि जो खरंच विसरायचा?"

"त्याला जास्तीचा तास."

बाहेर आल्यावर चैताली म्हणाली, "मॅडम, म्हणजे पेपर फुटला."

"अकरा वर्षांपूर्वी."

"मग ते जनुक?"

"जनुक आहे. कशासाठी आहे ते माहीत नाही."

"आणि उंदीर?"

योगिनी थांबली, पण उंदरांसाठी नाही. यादीत पुढचं नाव गोटीराम होतं. तिचे वडील, नाना.

गेल्या वर्षी नानांनी तिला दोनदा मंजुषा म्हटलं होतं. मंजुषा त्यांची बहीण, वारून वीस वर्षं झालेली. त्याआधी झेंडू उपटून झालेल्या वावरात ते टोपली घेऊन दिवसभर बसले होते. प्रत्येक वेळी योगिनीने फाईल उघडून पाहिली होती. तीनपैकी तीन. नाना ठणठणीत, असं तिने भावाला फोनवर सांगितलं होतं. सुरुवातीलाच कळलं तर थोडं तरी काही करता येतं, हे वाक्य तिच्याच तीन निबंधांत होतं.

नाना ओट्यावर बसले होते. तिची बॅग बघून अदबीने सरकले.

"बसा बाई. रक्त द्यायला आलात?"

"नाना, मी आहे."

"बसा ना. घाबरू नका, सुई बारीक असती." त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शब्द इचारतील. कुदळ, जांभूळ, पोपट. आमची पोरगीच असती परीक्षा घ्यायला. लय शिकलीय. कुणाचं चुकलं की तोंड एवढंसं होतं तिचं. म्हणा बघू."

वाटेत लिहिलेल्या नव्या तीन शब्दांचा कागद तिच्या मुठीत होता. तो तिथेच राहिला.

"कुदळ," योगिनी म्हणाली. "जांभूळ."

तिसऱ्या शब्दाला ती अडली.

नानांनी तिच्या हातावर थोपटलं.

"असू द्या," ते म्हणाले. "उद्यापासून आरतीला येत जा."