नैवेद्याचं दूध

गारखेड्यातल्या निम्म्या घरांच्या वास्तुशांती दत्तोपंतांच्या हातच्या. आता तोच हात असा थरथरायचा की आचमनाची पळी तोंडाशी जाईपर्यंत रिकामी व्हायची. पार्किन्सन, डॉक्टर म्हणाले. बाहेरची कामं सुटली, घरची पूजा तेवढी उरली. तीही सुटली तर आपला नवरा जगायचा नाही, ही भानुमतीबाईंची पक्की खात्री.

रक्त तपासलं तेव्हा ड जीवनसत्त्व कमी निघालं. डॉक्टरांनी पुड्या दिल्या. "या हाडांसाठी. आठवड्यातून एकच." बाईंनी ऐकलं, पण मानलं नाही. या पुडीनं कंप थांबतो, असं सिल्लोडच्या नणंदेनं मोबाइलवर पाठवलं होतं. मग आठवड्याला एकच कशाला? बुडत्याला काडीचा आधार, आणि काड्या कोण मोजतं!

अडचण एकच. औषध म्हटलं की पंत तोंड फिरवायचे. सून मनस्विनी दर रविवारी गोड बोलून पुडी घ्यायला लावायची, तेवढीच. देवापुढचं दूध मात्र त्यांनी जन्मात नाकारलं नव्हतं. बाई रोज नैवेद्याच्या वाटीतच पुडी मिसळू लागल्या. देवालाही फसवलं म्हणा ना! कोपऱ्यावरचा दुकानदार मागेल तेवढ्या पुड्या देत होता.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. हात काही थांबला नाही. उलट पंतांचं जेवण तुटलं, सारखी तहान लागू लागली, आणि एका सकाळी ओकून ओकून ते पोटच्या पोरालाही ओळखेनात. दवाखान्यात कळलं, रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलंय.

"ड जीवनसत्त्व किती देताय? ते जास्त झालं की असं होतं," डॉक्टरांनी विचारलं.

"आठवड्याला एकच," मनस्विनी म्हणाली.

भानुमतीबाई पुढं झाल्या. त्यांनी मुला-सुनेसमोर सगळं सांगून टाकलं. मुलगा आणि सून डॉक्टरांसाठी पुड्यांचा हिशेब मांडू लागले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

सलाईनवर काही दिवस गेले आणि पंत नीट बोलू लागले. खाटेशी बसून बाई रडल्या. "अहो, दुधात मी पुड्या घालत होते. मीच तुम्हाला मारायला निघाले होते."

"ठाऊक आहे गं. वास यायचा त्या दुधाला."

"मग पीत कशाला होतात?" बाई उसळल्या. "एकदा तरी बोलायचं!"

"इतकं अंगाशी येईल हे मला तरी कुठं माहीत होतं? पण पुडीनं हात थांबत नाही, हे डॉक्टरांनी मला केव्हाच सांगितलं होतं." पंत दम घ्यायला थांबले. "मी पूजेला बसलो की तू दारात उभी राहून हाताकडं बघायचीस. आज थांबेल म्हणून. बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी तू कशाच्या आशेवर उठली असतीस?"