यादीखालची यादी

"खंडेराव, यादीत तुमच्याच वस्तीचं नाव नाही," कार्यालयप्रमुख पद्मजा मॅडम म्हणाल्या.

"असं कसं मॅडम? एकोणीस दिवस झाले, म्या सवता घातलंय!"

टँकर पाठवणाऱ्या एका संस्थेच्या मुकुंदवाडीतल्या कार्यालयात खंडेराव संगणक सांभाळायचा. यादी असायची गुलमंडीच्या मुख्य कार्यालयातल्या मोठ्या संगणकावर. इथल्या एका फोल्डरवर ती जोडली, की इथं लिहिलेलं थेट तिथं पोचायचं; फोल्डरात आधीचं काही असलं, तर ते तिच्याखाली झाकलं जायचं. वीज गेली की जोड तुटल्यासारखी दिसायची, आणि त्या दुष्काळी उन्हाळ्यात वीज ऊठसूट जायची. मग खंडेराव 'माउंट'चा, म्हणजे पुन्हा जोडायचा, हुकूम टाकायचा. आधीची जोड शाबूत आहे का, हे बघायला सवड कुणाला होती? धनगराचा पोर तो, घोंगडीवर घोंगडी अंथरावी तशी जोडीवर जोड चढवत गेला.

फुलंब्रीपलीकडच्या वस्तीवरून आईचा, बानाबाईचा, रोज फोन यायचा. "टँकर आला नाय रं." हा रोज सांगायचा, "यादीत हाय आई. डायवरच कामचुकार दिसतोय."

आता त्याने संगणकात पाहिलं, तर एकावर एक जोड चढलेली. त्याने एक जोड काढली. तीच यादी. दुसरी काढली, तिसरी काढली, तरी तीच. खिडकीबाहेर नव्या इमारतीच्या स्लॅबवर नळीने पाणी मारणं चालू होतं. आठवी जोड निघाली आणि यादी नाहीशी झाली. तळाशी त्याच्याच संगणकात एकच फाइल पडून होती. त्याच्या वस्तीची.

त्याला आठवलं. घरचं नाव सगळ्यांत आधी जावं म्हणून एकोणीस दिवसांपूर्वी सकाळी घाईघाईत, जोडायच्या आधीच त्याने ते लिहिलं होतं. मग त्यावर आठ वेळा मुख्य यादी पसरली. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

त्याने फोन लावला. "आई, चूक माझीच हाय. उद्या येतोय टँकर."

"साऱ्या वस्तीनं मेंढरं काल इकली रं."

त्याने खिडकी लावून घेतली.

"पर तू नाव घातलं व्हतंस ना?"

"व्हय."

"मग बास. लोक म्हनत व्हते, खंडू शहरात जाऊन आपल्याला इसरला. आता सांगते त्यान्ला."

खंडेरावने यादी पुन्हा जोडली. जोड लागली का, ते तीनदा तपासलं. मग वस्तीचं नाव घातलं. माणसं बावीस. जनावरांच्या रकान्यात जुन्या फाइलीत चौसष्ट होतं. तिथं त्याने शून्य लिहिलं.