मास्तरांचा प्रायव्हेट नंबर

वासुदेवराव स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झाले त्याला चार वर्षं झाली, पण डहाणू रोडच्या त्यांच्या घरात रेल्वे अजून चालूच होती. त्याचं असं आहे, की गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर फाटकवाल्याला फोन करतो. फाटकवाला फाटक लावतो आणि खात्री म्हणून आपल्या कागदावरचा एक दोन आकडी नंबर सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो वहीत उतरला की मगच गाडी सुटते. तोंडाने नुसतं 'लावलं' म्हटलेलं रेल्वेत चालत नाही.

पद्धत शहाणी आहे, यात वाद नाही. पण वासुदेवरावांनी ती नोकरीत असतानाच स्वयंपाकघरात आणली. भाजीला निघाले की कोपऱ्यावरून फोन. "वसू, गॅस?" मग वसुमतीबाईंनी ओट्याशी जायचं, बटण बघायचं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावरचा नंबर वाचायचा. सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस. तो खिशातल्या वहीत लिहिला की मास्तर पुढे जाणार. दोघं एकदम बाहेर पडले तर ही ड्यूटी शेजारच्या दक्षाबेनकडे. तिच्याकडे किल्ली होती आणि नंबरांचा वेगळा कागदही होता. दक्षाबेन जीव लावणारी बाई, पण झोपाळ्यावरून उठायचा तिला भारी कंटाळा. ती बसल्या जागेवरूनच "बासष्ट, मास्तर" म्हणून मोकळी व्हायची. वसुमतीबाईंना हे माहीत होतं आणि त्या गप्प होत्या.

गप्प कसल्या, लग्नाकार्यात त्या हे सगळं रंगवून सांगायच्या. रेल्वेची शिस्त हो, रक्तातच गेलीय, म्हणायच्या. नवऱ्याचं कौतुक करायला त्यांना हीच एक जागा सापडली होती. लोक हसायचे, मास्तरही हसायचे. आधी एका फेरीला एक नंबर पुरायचा, मग तीन लागायला लागले, मग सात, आणि जेवताना मास्तर अर्ध्या घासावरून उठून ओट्याकडे जायला लागले, एवढं मात्र त्या गोष्टीतून गाळत होत्या.

बिंग फुटलं ते सोनलच्या डोहाळजेवणाला. सोनल त्यांची एकुलती एक मुलगी, तलासरीला शाळेत शिकवायची, जावई गौरवही तिथलाच. जेवण बाराला. दोघं एसटीने निघाले, पण दक्षाबेन नेमकी आंघोळीला गेलेली. फोन उचलेना. चारोटीला मास्तर उतरले, मागोमाग वसुमतीबाईही, आणि समोरून येणाऱ्या गाडीत चढून दोघं घरी आले. गॅस अर्थातच बंद होता. तलासरीत दोघं पोचले तेव्हा भांडी घासून झाली होती.

सोनल रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, तेही तिने मोडलं. आईला बाजूला घेऊन एवढंच म्हणाली की बाळाचा श्वास चालू आहे का हे बाबा शंभरदा बघतील आणि मला वेड लागेल. आणि बारशाला या, पण आता मी कोणासाठी थांबणार नाही. परतीच्या गाडीत वसुमतीबाईंना पहिल्यांदाच वाटलं, ही शिस्त नव्हे.

सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा मनाच्या डॉक्टर येत. मास्तरांना तिथे न्यायला वसुमतीबाईंना तीन आठवडे आणि दोन खोटी कारणं लागली. खरं तर त्याच जास्त घाबरल्या होत्या. बाकावर कपडे फाडणारी माणसं असतील अशी त्यांची कल्पना. होती कोण, तर बँकेतली निलम, जिची छाती अचानक धडधडायची आणि आता मरणार असं वाटायचं. तिने हृदयाच्या तपासण्या चारदा करून घेतल्या होत्या, हृदय ठणठणीत. आणि आशागडच्या पुढच्या पाड्यावरचा शुक्रा, आईबरोबर आलेला. त्याला कोणी नसताना आवाज ऐकू येत. भगत झाले, कोंबडे झाले, मग गोळ्या सुरू झाल्या, आणि आता तो वाडीत चिकू उतरवायला जात होता. यानेच सरकून मास्तरांना जागा दिली आणि सहज विचारलं की यांना कोणाचे आवाज येतात. वसुमतीबाई म्हणाल्या, आवाज नाही, यांना गॅस. शुक्राने फार समजल्यासारखी मान हलवली. दोघांनाही हसू आलं, आणि वसुमतीबाईंची भीती तिथेच अर्धी झाली.

आत गेल्यावर मास्तर बोलले. इतक्या वर्षांत बायकोला न सांगितलेलं त्यांनी परक्या बाईला दहा मिनिटांत सांगितलं.

"नंबर लिहिला की दोन मिनिटं बरं वाटतं. मग वाटतं, हिने बघितलंच नसेल. मग इमारत जळताना दिसते. दक्षाबेनची नात दिसते. हे खरं नाही, कळतं मला. कळून उपयोग होत नाही."

वसुमतीबाई खाली मान घालून बसल्या. आपण माणसाच्या हालांवर वीस वर्षं टाळ्या घेतल्या, या विचाराने त्यांना शरमेने कुठे तोंड लपवू असं झालं.

डॉक्टर प्रगती वयाने सोनलएवढ्याच. त्यांनी आजाराचं नाव ओसीडी सांगितलं; आपल्याकडे मंत्रचळ म्हणायचे तेच, म्हणाल्या. निलमचा आजार वेगळा, शुक्राचा वेगळा, हा वेगळा, पण तिन्ही आजारच. स्वभाव नव्हे की कोणाची करणी नव्हे. रेल्वेने हा दिला नाही, रेल्वेत तो खपून गेला. मास्तरांना गोळ्या दिल्या आणि वसुमतीबाईंना पथ्य. नंबर द्यायचा नाही. एकही नाही. नंबराने मास्तरांचं समाधान होत नाही, आजाराचं होतं.

मग पायरीपायरीने सुरू झालं. आधी विनानंबर बाजार, मग समुद्र, मग आशागडपर्यंत जाऊन परत. पहिल्या दिवशी मास्तर बाजारातून पळत परत आले, भाजी दुकानातच राहिली. कधी चिडले, दोन दिवस अबोला धरला, पण वही हळूहळू कोरी राहू लागली. दक्षाबेनलाही बजावून ठेवलं होतं, आणि झोपाळ्यावरून उठायचं नाही म्हटल्यावर ती आनंदाने तयार झाली.

बारशाच्या दिवशी मास्तरांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला. एसटीत आशागड सुटेपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्यांनी हळूच फोन काढला. पलीकडून दक्षाबेनचा खणखणीत आवाज वसुमतीबाईंपर्यंत आला. नंबर नाय मळणार मास्तर, बारसानी जलेबी लेते या.

मास्तरांनी फोन खिशात ठेवला. गुडघा थरथरत होता.

"वसू, गॅस तूच बंद केलास ना? एकच नंबर दे. फक्त आजचा दिवस."

द्यायला काय लागत होतं? दोन आकडी काहीही. पस्तीस म्हटलं असतं तर तो गुडघा थांबला असता. त्यांच्या ओठांवर आलंही होतं.

"नाही देणार," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

चारोटीला गाडी थांबली. मास्तर उठले, दारापाशी गेले. वसुमतीबाई बाळाच्या कपड्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसून राहिल्या. हात धरून आणायचं नाही, हेही पथ्यातच होतं. ते उतरले तर आपण एकट्याने पुढे जायचं, असं त्यांनी घरातून निघतानाच ठरवलं होतं. माणसं चढली, कंडक्टरने मास्तरांना विचारलं, काका, उतरताय की नाही? मास्तर एका पायरीवर उभे, समोर रस्त्यापलीकडे डहाणूला जाणारी गाडी लागलेली.

कंडक्टरने डबल बेल दिली. मास्तर परत येऊन बसले. वसुमतीबाईंनी त्यांना शाबासकी दिली नाही.

पाळणा सजवून झाला होता, बायका जमल्या होत्या. सोनल बाळाला घेऊन दारातच आली. बाबा वेळेवर आलेले बघून सवयीने तोंडात होतं तेच तिने विचारलं.

"बाबा, गॅस बंद केलात?"

"माहीत नाही," मास्तर म्हणाले. त्यांचे हात अजून कापत होते. तसेच ते त्यांनी बाळाकडे पुढे केले.