एका काडीचं पहिलं पान

मी जामाची काडी बोलतेय. लांबी वीतभर, घर म्हणजे डालड्याचा डबा, आणि जीव सतत टांगणीला.

विचुंब्याला दिनानाथांच्या दारात माझी आई होती, पांढऱ्या जामाचं झाड. तिला पाणी घातल्याशिवाय ते चहाला तोंड लावत नसत. माझ्यापेक्षा झाडाशीच जास्त बोलतात, असं त्यांची बायको गुणाबाई थट्टेनं म्हणायच्या. मग नव्या पनवेलच्या इमारती पसरत आल्या, जागा गेली आणि झाड उद्या तोडणार असा निरोप आला.

शेजारचा कमळाकर रोपवाटिकेत कामाला जायचा, तो धावत आला. बी लावावं तर फळाला कित्येक वर्षं, आणि तीच गोडी उतरेल याचीही खात्री नाही. फांदीला ओली माती गुंडाळून गुटी बांधावी तर मुळं सुटेपर्यंत फांदी झाडावरच राहायला हवी. उरलं छाटकलम. त्यानं पेन्सिलीएवढ्या फांद्यांचे तुकडे केले, खालचा काप तिरका घेतला, वरची दोन पानं अर्धी कापली आणि आम्हा बहिणींना वाळू-मातीत खोचलं.

दुसऱ्या दिवशी आई पडली. दिनानाथ तेव्हापासून गप्प झाले ते झालेच. जेवायला बसायचे, दोन घास चिवडून उठायचे.

आमचा डबा नव्या खोलीच्या खिडकीत आला. गुणाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. मुळं फुटली का ते बघायला त्या रोज एकीला उपटायच्या आणि पुन्हा खोचायच्या. माणसाला डोळ्यांनी दिसल्याशिवाय धीरच निघत नाही. कोवळी मुळं येता येताच तुटत होती. बहिणी एकामागून एक काळ्या पडल्या. मी कोपऱ्यात होते म्हणून राहिले, पण उद्या माझी पाळी, या भीतीनं मला मातीतही घाम फुटायचा.

एकदा कमळाकरनं हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काकी, हिला आता हात लावू नका. आन पान आला म्हंजे काडी जगली असा नाय. आतल्या रसावर पन पान फुटतं, आन मंग सगळीच सुकते."

काल मला पान आलं. तांबूस, नखाएवढं. गुणाबाईंनी दिनानाथांना हाताला धरून खिडकीशी आणलं. त्यांनी वाकून पान पाहिलं.

"हाय गो," ते म्हणाले. "आपला झाड हाय अजून."

मग ते पोटभर जेवले. भाताला दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. कमळाकरचं बोलणं गुणाबाईंना आठवत होतं, तरी त्यांनी हसून भात वाढला.

मला बुडाशी काहीतरी टोचतंय. मूळ असेल, नाहीतर कूज असेल. हे पान माझ्या बळावर आलंय की आईनं बांधून दिलेल्या शेवटच्या शिदोरीवर, ते माझं मलाच कळत नाही. मला उपटून बघू नका. आणि खरं काय ते कळेपर्यंत, पाया पडते, दिनानाथांना काही सांगू नका.